खड्ड्यातला परका घेवडा

१

शनिवारी दुपारी खड्ड्यातून हंडा वर काढला, झाकण उचललं, आणि आत परका घेवडा निघाला.

आदल्या संध्याकाळी मी स्वतःच्या हाताने पिवळ्या डोळ्याचा घेवडा टाकला होता. पांढरा दाणा, पोटाशी पिवळा ठिपका. आता आत होता तो लाल-पांढरा, चितळासारखा ठिपक्याठिपक्यांचा. मऊ शिजलेला, वाफाळता, वासाला झकास. पण माझा नव्हे.

"दाण्याला रंग चढला असेल," आमचा रोझेर म्हणाला. रोझेर माझा भाचा. शाळेची झाडलोट, बस, मैदान, सगळं त्याच्याकडे. पन्नाशी उलटली, पण खोटं बोलायला अजून शिकला नाही.

"रोझेर, मेंढरू भट्टीत घातलं तर डुक्कर होऊन बाहेर येतं का?"

सगळे हसले. मी नाही हसले. मी मोठ्याने म्हणाले, "हा घेवडा माझा नाही. रात्रीत कुणीतरी बदललाय."

तेवढंच बोलायचं नव्हतं. पण माझं तोंड मला विचारून उघडत नाही.

ज्यांना आमचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. अमेरिकेत मेन राज्याच्या अगदी वरच्या टोकाला आमच्या शाळा शरदात बटाट्यासाठी बंद होतात. पोरं शेतात, मास्तर शेतात, बसवाला ट्रकवर. बटाटा घरात आला की शेवटच्या शनिवारी शाळेत सगळ्यांचं जेवण. जमिनीत खड्डा करायचा, दगड लावायचे, वर जाळ, निखारे झाले की झाकण कणकेने लिंपून बिडाचा हंडा आत, वरून माती. रात्रभर घेवडा शिजतो. हंडा माझ्या सासूचा, हात माझा. माझी शाळा चौथीत सुटली ती बटाट्यापायीच, तरी या शाळेत माझ्या हंड्याशिवाय शरद सरत नाही. ग्राँ-प्वाँत गावात लहानथोर मला मेमेर म्हणतात, म्हणजे आमच्या फ्रेंचमध्ये आजी. मी कुणाची आजी लागत नाही असं घर शोधावं लागेल.

माझं बोलणं संपतंय तोच मागून प्रेस्कॉटसाहेब पुढे आले. आमच्या सगळ्या शाळांचे सुपरिंटेंडंट. दक्षिणेकडून आलेले, उंच, सरळ, इस्त्री मोडत नाही असा माणूस.

"रात्रीत बदलला म्हणजे बाहेरून आला," ते म्हणाले. "घरी शिजवलेलं अन्न शाळेत वाढायचं नाही, हा नियम तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होता. गेल्या शरदात कुणाच्या तरी घरून आलेल्या केकने अर्ध्या शाळेची पोटं बिघडली, तेव्हापासूनचा.

मग ते माझ्या नातीकडे वळले. ओदील, शाळेच्या स्वयंपाकघराची मुख्य. नवी. सोमवारी तिची नोकरी कायम व्हायची होती.

"ओदील, अंगणाची किल्ली तुझ्याकडे. हा घेवडा कुणाचा, कुठे शिजला, हे जेवणापर्यंत कळलं नाही तर हंडा ओतून टाकावा लागेल. आणि सोमवारचं मला पुन्हा बघावं लागेल."

ओदीलने माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "मेमेर, आता तूच निस्तर."

२

आधी तिलाच धरलं. घरचं माणूस म्हणून कुणाला सोडलं तर मग तपास कसला.

ती कोबी चिरत होती. कोबीवर राग काढत होती म्हणा.

"रात्री तू कुठे होतीस?"

"तुझ्या घरी. तुझ्या पायाला मलम लावत होते. तू घोरलीस."

"मी घोरत नाही."

"मग खोलीत अस्वल शिरलं असेल."

ही माझीच नात, तोंड उसनं आणावं लागत नाही. तिची किल्ली तिच्या कोटात होती आणि कोट माझ्या खुंटीला. दुसरी किल्ली रोझेरकडे. तिसरी नाही.

"आपला घेवडा करपला आणि तू गुपचूप दुसरा आणलास, असं साहेबांना वाटतंय," मी म्हणाले.

"दोनशे माणसांचा घेवडा गुपचूप कुठून आणू? आणि ठिपक्यांचा तर आपल्याकडे दाणाही नाही. त्याची हिवाळ्यासाठीची पोती आली ती मी लिंडबीला पाठवली. इथे कोठीत उंदीर झालेत."

लिंडबी म्हणजे खालचं गाव, स्वीडिश लोकांचं. त्यांची शाळा बंद झाली आणि पोरं बसमधून आमच्याकडे यायला लागली. त्या दिवसापासून तिथल्या हिल्मा अँडरबर्गने आमच्या शाळेच्या अंगणात पाय ठेवलेला नाही. तीस वर्षं तिने लिंडबीच्या पोरांना जेवू घातलं. माझा घेवडा डुकरांना घालण्याच्या लायकीचा आहे असं ती म्हणते. मी म्हणते, तिचा घालू नये, डुकरं नाराज होतील.

माझा संशय तिच्यावरच जायला हवा होता, आणि गेलाही. मनात म्हटलं, म्हातारीने दावा साधला. पण हिल्माचा खांदा गेली दोन वर्षं धरलाय. तो हंडा उचलायला दोन गडी आणि एक वासा लागतो. तिला कुणीतरी हात दिला होता, आणि त्या हाताकडे किल्ली होती.

ओदीलने सुरी खाली ठेवली. "मेमेर, झाकणाभोवतीची कणीक दरवर्षी तू फोडतेस ना? आज तू यायच्या आत रोझेरमामाने फोडून टाकली. का?"

३

रोझेर मैदानावर होता. दुपारचा फुटबॉलचा सामना सुरू व्हायला आला होता, आमच्या पोरींचा, आणि गोलमध्ये उभी राहणारी पोर त्याच्याशी भांडत होती.

"माझ्या बाजूला रेषाच नाहीत. मी उभी कुठे राहू?"

"अंदाजाने उभी राहा गं."

मी पाहिलं. मैदानाच्या एका अर्ध्या भागात चुन्याच्या पांढऱ्याशुभ्र रेषा, सुतासारख्या सरळ. दुसऱ्या अर्ध्यात नुसतं गवत.

"रोझेर, सकाळी कुठे होतास?"

"इथेच की. उजाडल्यापासून रेषा मारतोय."

"उजाडल्यापासून अर्धं मैदान? तुझा बाप एवढ्या वेळात अख्खं शेत नांगरायचा, आणि तो आळशी म्हणून प्रसिद्ध होता."

तो चुन्याच्या गाड्याशी खेळत राहिला. थंडी होती, ओठांतून वाफ निघत होती, आणि त्याच्या कपाळावर घाम.

"मेमेर, जाऊ दे ना. चांगला शिजलाय. खाऊन टाकू."

"साहेब ओततायत तो. आणि ओदीलची नोकरी त्याच्याबरोबर ओततायत."

हे त्याला माहीत नव्हतं. तो हंडा उचलायचा वासा ठेवायला गेला होता तेव्हा साहेब बोलले असणार. त्याचा चेहरा पडला. त्याने चुन्याचा गाडा सोडून दिला.

"कुणाला तरी वचन दिलंय मी," तो म्हणाला.

"कुणाला?"

"ते सांगितलं तर वचन कसलं?"

"मग एवढंच सांग. माझं वाईट करायला केलंस का?"

पन्नाशीचा गडी, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "तुझं वाईट? मेमेर, तू जाऊन एकदा खड्ड्यात बघ. वरून नको. आत."

४

माझे गुडघे खड्ड्यात उतरण्यासारखे राहिलेले नाहीत. तरी उतरले. अंगणात कुणी नव्हतं म्हणून बरं.

निखाऱ्यांवर रात्र काढलेला खड्डा दुसऱ्या दिवशी दुपारीही तळव्याला चटका देतो. दगड तापलेले असतात, राखेत काळे निखारे मिळतात, मुठीएवढे. मी हात घातला. राख पिठासारखी, पांढरी, हलकी. निखारा एक नाही. दगड आमच्या चर्चच्या पायरीइतके गार.

मी तिथेच बसले.

या खड्ड्यात काहीही शिजलं नव्हतं. शिजणं शक्यच नव्हतं. म्हणजे कुणी माझा शिजलेला घेवडा चोरून आपला ठेवला, असं झालंच नव्हतं. कुणीतरी माझा कच्चा घेवडा उचलून शिजलेला ठेवला होता. चोर घरात शिरून फुटकं भांडं नेतो आणि चांगलं ठेवून जातो, असला हा चोर.

राखेत हात फिरवताना लोखंडी पट्टी लागली. वाकलेली, गोल. मग दुसरी. पिंपाच्या पट्ट्या.

आता ऐका. पूर्वी आमच्याकडे बटाटा हाताने वेचून लाकडी पिंपात भरत. यंत्रं आली तशी पिंपं शाळेमागे ढिगाने पडून राहिली. शुक्रवारी रोझेरने तीच फोडून जाळ केला. आणि काय जाळ. डोक्याच्या वर ज्वाळा, पोरं भोवती नाचतायत, मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवतेय. म्हटलं, असा जाळ सासूच्या काळातही झाला नाही.

ते लाकूड सिडरचं, देवदाराच्या जातीचं, हलकं. भडकतं आणि संपतं, वरवर लाल दिसतं पण मागे निखारा ठेवत नाही. हे मला, रोझेरला, साऱ्या गावाला कसं कळलं नाही? साधं आहे. आमच्यात पिंप कधी कुणी जाळलंच नव्हतं. पिंप म्हणजे पोट होतं. थंडीने मेलो असतो पण पिंपाला काडी लावली नसती. मग ते कसं जळतं हे कुणाला ठाऊक असणार?

"काय सापडलं?" वरून आवाज आला. प्रेस्कॉटसाहेब कडेला उभे.

"पिंपं जाळायला कुणी सांगितलं?"

"जाळायला नाही. ढीग हलवा म्हणालो होतो. पोरं त्यावर चढतात, पाय मोडतील." मग जरा घुटमळून, "माझी चूक झाली का?"

त्या क्षणी मला तो माणूस आवडायला लागला. पण तसं सांगण्याची वेळ नव्हती.

"हात द्या," मी म्हणाले. त्यांनी दोन्ही हात दिले, इस्त्रीची पर्वा न करता. वर येताना खड्ड्याच्या कडेला कणकेचा तुकडा दिसला, रोझेरने फोडून लाथेने ढकललेला. मी झाकण लिंपते ते कुट्टूच्या पिठाने, पिवळसर हिरवं. आमच्या बायका दुसरं पीठ वापरत नाहीत. हा तुकडा तपकिरी होता. राय नावाच्या धान्याचा. मोडून वास घेतला तर बडीशेप.

लिंपायच्या कणकेतही बडीशेप घालणारी बाई या साऱ्या मुलखात एकच.

आणि पिंप जाळल्यावर काय उरतं हे कोणत्या घराला ठाऊक असणार? ज्या घरात पिंपं तयार होत होती त्या. हिल्माचा नवरा नेल्स जिवंत होता तोवर पिंपं बनवायचा. त्याच्या कामातले तुकडे जन्मभर तिच्या चुलीत गेले.

"साहेब," मी म्हणाले, "दोनशे माणसांचा घेवडा शिजेल एवढं भांडं इथल्या कोणत्या घरात आहे?"

"कुठल्याच घरात नसेल."

"मग तो घरी शिजलेलाच नाही. तुम्ही ओतायची घाई करू नका. मी येते."

५

लिंडबीची शाळा बंद, पण तिचं स्वयंपाकघर बंद नाही. दर बुधवारी हिल्मा तिथे म्हाताऱ्याकोताऱ्यांचं जेवण रांधते, पगार शाळाखात्याचा. मी माझा ट्रक पायऱ्यांपाशी लावला. धुराड्यातून वाफ येत होती, शनिवार असून.

हिल्मा मोठ्या कढईशी उभी होती. वळून न बघता म्हणाली, "उशीर केलास. मला वाटलं झाकण उघडताच येशील. वय झालं तुझं."

"मी तुझ्याहून एक वर्षाने लहान आहे."

"चेहऱ्याला सांग ते."

कढईत माझा घेवडा होता. पिवळ्या डोळ्याचा, रटरट शिजत असलेला. दुधाच्या कॅनमधून रोझेरनेच आणून दिला असणार, ठिपक्यांचा नेताना. हंडा उचलायची गरजच पडली नसेल, आणि लिंपायची कणीकही हिनेच दिलेली.

"फेकला नाहीस?" मी विचारलं.

"अन्न आहे. कुणी हंड्यात टाकलंय याच्याशी त्याचा काय संबंध?"

मी स्टुलावर बसले. तिने न विचारता कॉफी ठेवली. लिंडबीची कॉफी घोड्याचा नाल तरंगेल एवढी कडक.

"जाळ बघितलास तू," मी म्हणाले.

"रस्त्यावरून जात होते. आधी वास आला. नेल्सच्या हाताला असायचा तो. गाडी थांबवली." तिने पळी फिरवली. "त्याच्या पिंपांवर त्याची खूण असायची, कुऱ्हाडीएवढं 'न' अक्षर. तुमची पोरं नाचत होती."

"मला माहीत नव्हतं हिल्मा."

"तुला कधी काय माहीत असतं? वाईट वाटलं थोडं. मग म्हटलं, पावसात सडण्यापेक्षा पोरांनी नाचत जाळली, ते त्याला आवडलं असतं. आणि मग लक्षात आलं की उद्या त्याच पोरांना कच्चा घेवडा चावायला लागणार. तीन आठवडे बटाटा उपसून आलेली पोरं."

"मला सांगायचंस. मी तिथेच होते, खुर्चीत."

तेव्हा ती वळली. कमरेवर हात.

"तुला? सगळ्या गावासमोर, 'लेओंतीन, तुझा जाळ फुकट आहे' असं? रोझेरला म्हटलं तू सांग. तो म्हणाला, त्यापेक्षा नदीत उडी मारतो. म्हणून रात्रभर शिजवला. तो म्हणाला, मेमेरला आता चष्म्याशिवाय दिसत नाही, दाणा ओळखणार नाही."

तर असं होतं. दुपारभर मी गुन्हेगार शोधत होते. लपवाछपवीचं कारण शोधत होते. ते कारण स्टुलावर बसून कॉफी पीत होतं. माझ्या तोंडाला भिऊन एक म्हातारी रात्रभर जागली होती आणि एका गड्याने अर्धं मैदान कोरं ठेवलं होतं.

"माझी नजर उत्तम आहे," मी म्हणाले. दुसरं काय बोलणार.

मग ओदीलचं सांगितलं. हिल्माचा हात पळीवर थांबला.

"ती पोरगी का भोगेल? चल, मी सांगते तुझ्या साहेबाला."

"तू सांगून भागणार नाही. जाळ माझा होता."

"मग तू सांगशील? सगळ्यांसमोर?"

मी कॉफी संपवली. अतिशय वाईट होती.

"कढई उतरव," मी म्हणाले. "आणि कोट घाल. अंगणात यायचंय तुला."

"त्या अंगणात मी येत नाही."

"मग मी पण सांगत नाही. बस इथे. ओदीलला तू काम शोधून दे."

तिने पळी ठेवली. मग एप्रन काढला, घडी घातली, आणि आरशात केस बघितले. तेव्हाच मला कळलं की तिला किती दिवसांपासून यायचं होतं.

६

जेवणघर भरलेलं होतं. सामना आमच्या पोरी जिंकल्या होत्या. कोऱ्या बाजूला चेंडू आत होता की बाहेर हे कुणालाच सांगता आलं नाही आणि प्रत्येक वेळी निकाल आमच्याकडे लागला. बाकांवर शेतातले बूट, मातीचा वास, हसणं. हंडा मधल्या टेबलावर, झाकलेला, आणि त्याच्या शेजारी ओदील, शिक्षा ऐकायला उभी राहावी तशी.

मी आत गेले, मागोमाग हिल्मा. आधी लिंडबीची बाकं गप्प झाली, मग आमची.

"प्रेस्कॉटसाहेब," मी म्हणाले, "ऐका सगळे. खड्डा रात्री गार पडला. जाळ मी करवून घेतला, पिंपांचा, आणि पिंपाचं लाकूड निखारा धरत नाही. हंड्यात टाकलेला घेवडा कच्चा राहिला. चूक ओदीलची नाही, रोझेरची नाही. माझी."

माझ्या आयुष्यात मी एवढी शांतता केली नव्हती.

"हंड्यातला घेवडा हिल्मा अँडरबर्गने शिजवला. कुठे, ते विचारा."

"कुठे?" साहेबांनी विचारलं.

"लिंडबीच्या शाळेत. शाळेच्या कढईत, ओदीलने तिथे ठेवलेल्या शाळेच्याच पोत्यातला. घरचा यात दाणा नाही. आणि शिजवणारी शाळेच्या पगारावरची."

रोझेर मागून म्हणाला, "नेला-आणला मी. शाळेच्या ट्रकातून." अंगावर अजून चुना.

साहेबांनी हिल्माकडे पाहिलं. "मी दर बुधवारी तुमच्याकडे जेवतो," ते म्हणाले, "पण हा घेवडा कधी केला नाहीत."

"बुधवारची माणसं दात नसलेली," हिल्मा म्हणाली. "त्यांना सूप."

पहिल्यांदा कोण हसलं आठवत नाही. मग सगळेच हसले, साहेबही. त्यांनी ओदीलचा हात धरून हलवला. "सोमवारी ये. सही तयार असेल. फक्त मला एक वचन दे, पुढच्या वेळी काही बिघडलं तर आधी मला सांगायचं."

"मला तरी कुणी सांगितलं होतं?" ओदील म्हणाली, आणि रडायला लागली, आणि रडतच वाढायला लागली.

रोझेरने कढईतला माझा घेवडाही आणला. दोन रांगा झाल्या. लिंडबीची पोरं माझ्याकडे आली, माझा घेवडा त्यांना नवा म्हणून, आणि आमची सगळी हिल्माकडे. माझी सख्खी पतवंडं तिच्याकडे दोनदा गेली. मी बघून ठेवलंय कोण कोण ते.

गर्दी ओसरल्यावर मी ताटली घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. तिने एक पळी वाढली आणि हात बांधून थांबली. सारं जेवणघर कान टवकारून. मी घास घेतला. सावकाश चावला.

"मीठ कमी आहे," मी म्हणाले, आणि ताटली पुन्हा पुढे केली.